शाळेची खबर ग्रुपवर येते, माझ्यापर्यंत येत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या बोलीत आहे, तसंच ठेवते, थोडं लहान केलंय फक्त.

"मॅडम नमस्कार. माही पुतणी हे पत्र टाईप करून देऊन राह्यली, मले लिहिता वाचता येत नाई. माही पोरगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत हाय. शाळेची खबर दर आठवड्याले वॉट्सअप ग्रुपवर येते म्हणतात. मोबाईल यायच्यापाशी रायते, हे दिवसभर ट्रॅक्टरवर अन् मी कापूस वेचाले. मांगच्या शनिवारी शाळेत बाल आनंद मेळावा झाला, पोरायनं दुकानं लावले, सगळ्यायच्या माया गेल्या, मले मालूमच नाई. आदल्या रोजी पोरगी म्हणे आई वावरातून तुरीच्या शेंगा आणजो. मले वाटलं खाले पाह्यजे. सकाळी उठून तिनं एकटीनंच उकडल्या, मीठ टाकलं अन् डब्बा घेऊन गेली. दुपारी अर्ध्या शेंगा वापस घेऊन आली. म्या म्हटलं सांगतलं काऊन नाई वं, तर म्हणे तू येतच नाई, सांगून काय करू. शाळेच्या मॅडमले विचारलं तर त्या म्हणे ग्रुपवर टाकलं होतं, तुम्हीच पाहत नाही. मोठ्या पोराच्या टायमाले पण आठवीत परीक्षेचा फॉर्म असाच राह्यला, तो आता नववीत हाय. बचत गटातून कर्ज काढून १०,००० चा मोबाईल घेऊ का? का पोरगीले तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाकू, तिथं रोज मेसेज येते म्हणतात."

ताई, आधी तुमच्या पुतणीला सांगते, बाई हे हळू वाचून दाखव, एका दमात नको, आज थोडं उद्या थोडं असं वाच, आणि मधे तुझी काकू काही बोलली तर थांब, तिला बोलू दे.

मोबाईलचं उत्तर पहिले देऊन टाकते कारण कर्जाचा विषय आहे आणि गटाची मीटिंग कधी असेल मला माहीत नाही. घेऊ नका. निदान यासाठी तर नकोच. तुम्हाला कशाला मोबाईल असं मी म्हणत नाही बरं का, बाईच्या हातात फोन असावा, पण १०,००० घालून जे घरात येईल ते वाचता तुम्हाला येत नाही आणि त्या ग्रुपवर दिवसभर गुलाबाची फुलं, सुविचार, कोणाचे वाढदिवस, कोणाच्या भावाचं इलेक्शन, त्याच्यात शाळेचा एक मेसेज कुठंतरी मधात दबलेला असतो. ज्यांना वाचता येतं त्यांचाही सुटतो तो. हप्ता भरून भरून थकाल आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच होईल.

आता शेंगांचं. तुमचं पत्र मी रात्री वाचलं आणि "तू येतच नाई, सांगून काय करू" इथं आले आणि पुढं वाचवलंच नाही, फोन बाजूला ठेवला. मी ३० वर्षांच्या वर जिल्हा परिषद शाळेत शिकवलं, अशा पोरी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या. तुम्हाला ते वाक्य टोचलं असेल, रात्री झोप आली नसेल, मला कळतं. पण तुम्ही समजता तशी ती रुसलेली नाही. ताई, मजुरी करणाऱ्या घरातल्या नऊ वर्षाच्या पोरीला खाडा म्हणजे काय हे पाढ्याच्या आधी येतं. आईनं एक दिवस सुट्टी मारली तर चुकाऱ्यात किती कमी येतात, मग बाजारात कोणती वस्तू राहून जाते, हे ती पाहत असते, बोलत नाही. तिनं हिशोब केला की आईला सांगितलं तर आईला वाईट वाटेल किंवा आई खाडा पाडेल, दोन्ही नको, म्हणून ती गप्प बसली. आणि तरी तिनं तुम्हाला बाहेर ठेवलं नाही. शेंगा तुम्हालाच आणायला लावल्या. तुमचा खाडा न होता जेवढं तुम्हाला मेळाव्यात आणता येईल तेवढं तिनं आणलं. हे एकदा असं बघा.

म्हणून तिला पुन्हा "काऊन नाई सांगतलं" म्हणून विचारू नका. एकदा विचारलं तेवढं पुरे.

आता मॅडमचं. त्यांचा राग येणं साहजिक आहे, चारचौघीत "तुम्हीच पाहत नाही" म्हणाल्या असतील तर अजूनच. पण मी त्या बाजूला उभी राहिलेली आहे म्हणून सांगते, गावच्या शाळेत दोन मास्तर असतात आणि वर्ग चार-पाच, त्यात खिचडीचा हिशोब, ऑनलाईन माहिती भरणं, कार्यक्रम झाला की त्याचे फोटो वर पाठवणं, संध्याकाळी सहाला ती बाई ग्रुपवर मेसेज टाकते आणि तिला मनापासून वाटतं की मी सांगितलं. टाकलं म्हणजे पोचलं असं मी पण समजायची. मी नोकरीला लागले तेव्हा मोबाईल नव्हते, चिठ्ठ्या लिहायची कार्बन लावून, एका वेळी चार निघायच्या, म्हणजे ४० पोरांसाठी १० वेळा तेच लिहायचं, बोटं निळी व्हायची. पालक सभेला आले सहा जण. मी खूप चिडले, पोरांनाच रागावले की तुमच्या घरच्यांना काही पडलेलं नाही. मग पुढच्या वेळी चिठ्ठीखाली पालकाची सही घेऊन या म्हटलं. सह्या आल्या, निम्म्याच्या वर पोरांनी स्वतःच मारलेल्या, त्या कळतातच, आणि एका चिठ्ठीवर सहीच्या जागी कुंकवाचं बोट होतं. पोराला विचारलं हे काय रे, तर म्हणे आजीनं लावलं, तिला सही येत नाई, आंगठ्याची शाई घरी नाई, ती म्हणे हे लाव, तुह्या बाईले समजन म्या आयकलं म्हणून.

४० चिठ्ठ्यांत तीच एक खरी पोचली होती. आणि पोचली ती एक अक्षर न येणाऱ्या म्हातारीकडे, कारण नातवानं चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचून दाखवली. ती चिठ्ठी मी बरीच वर्षं हजेरीत ठेवली होती.

त्याच्यानंतर मी चिठ्ठ्या लिहिणं बंद केलं. शनिवारी शेवटचा तास पोरांनाच लिहायला लावायची. फळ्यावर मी मुद्दे सांगायची, वाक्य त्यांचं. या आठवड्यात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय आहे, घरून काय आणायचं, आणि कोणत्या तारखेच्या आत काय करायचं. चार-पाच ओळी, बस. ज्याला लिहिता येत नाही तो चित्र काढायचा, पहिलीतलं पोरगं डॉक्टर आले होते म्हणून सुई काढायचं, घरी दाखवून सांगायचं. घरी जाऊन ते वाचून दाखवायचं आणि सोमवारी मला सांगायचं की घरचे काय म्हणाले. सही नाही मागायची, काय म्हणाले ते विचारायची. त्याच्यात खोटं चालत नाही, "आई म्हणे आमची शेळी आजारी हाय मी नाई येत" असं पोर मनानं बनवत नाही.

तुम्ही हेच मागा, ताई. तुमच्या पोरीच्या वहीत असं काहीतरी आलं पाहिजे, बघा:

"सोमवारी आम्ही मीटरपट्टीनं मैदान मोजलं. बुधवारी डॉक्टर आले माझे डोळे तपासले चांगले आहेत. खिचडीत मटकी होती. पुढच्या शनिवारी सकाळी ८ वाजता मेळावा आहे. मी शेंगा विकणार आहे. आई तू ये."

आता हे मागायचं कसं. चारचौघीत नको, पालक सभेत तर नकोच, तिथं मॅडम पण अवघडतात आणि मग बोलाला बोल वाढतो. शाळा सुटायच्या वेळेला एकट्या जा, त्या वर्गाला कुलूप लावत असतील तेव्हा. आणि तुमच्या बोलीतच बोला, "मॅडम, मले फोन नाई अन् वाचता बी येत नाई. पोरगी वाचून दाखवन. तिच्या वहीत दर शनिवारी चार ओळी लिहाले लावजा, म्या आयकतो." एवढंच. मागच्या शनिवारचं काढू नका. मला तरी वाटतं त्या नाही म्हणणार नाहीत, कारण त्यांचं काम कमी होतं याच्यात, पोरांचं लेखन वाचन होतं ते वेगळंच. शनिवारी तसंही आता शाळेत आनंददायी शनिवार आहे, दप्तराचं ओझं नाही, त्याच्यात हा एक तास आरामात बसतो.

आणि मी अडाणी आहे असं तोंडातून काढू नका त्यांच्यापुढे. पत्रात तुम्ही तीनदा लिहिलं होतं, मी वरून काढून टाकलं. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे, शाळेत शिकायला नाही मिळालं त्यांना आणि जन्मभर गावोगाव कीर्तनात लोकांना सांगत फिरले की पोरं शिकवा, त्यांना कोणी विचारलं नाही की तुमची पाटी कुठं आहे.

वहीशिवाय अजून एक सुचवा, ग्रामपंचायतीचा भोंगा. नळाची वेळ सांगतात, कर भरा सांगतात, लसीकरणाचं सांगतात, त्याच्यावर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता शाळेची दोन वाक्यं सांगायला काय जातं? सातला बाया वावरातून आलेल्या असतात, चूल पेटलेली असते, कान मोकळे असतात. सरपंचाला किंवा शिपायाला मॅडमनं कागद लिहून दिला की झालं. आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर एक फळा, तिथं थांबावंच लागतं सगळ्यांना, कोणी ना कोणी वाचून सांगतं.

हे सदर मास्तर लोक पण वाचतात मला माहीत आहे, तर दोन शब्द तुमच्यासाठी, वाईट वाटून घेऊ नका. ग्रुपवर जो आठवड्याचा मेसेज टाकता तो उघडून बघा एकदा. वर "सर्व पालकांना कळविण्यात येते की", मग चार ओळी प्रस्तावना, मग पाहुण्यांची नावं, आणि तारीख खाली. तारीख पहिल्या ओळीत घ्या. फोटो वेगळे टाका, खबर वेगळी. आणि लिहिण्यापेक्षा बोला, अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून टाका, मग न वाचता येणारी आई पण ऐकेल आणि ट्रॅक्टरवरचा बाप पण. आणि अजून एक, हे मला फार दिवसांपासून बोलायचं आहे. आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी शेवटी उघडतात कारण ऊन. उन्हाचा विचार होतो तर वेचणीचा का नाही? दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढपर्यंत बाया कापसात असतात, त्यातच तूर येते, आणि शाळेचे सगळे कार्यक्रम बरोबर त्याच दिवसांत, ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती, १२ ला जिजाऊंची, मग हळदीकुंकू, माता पालक मेळावा, बाल आनंद मेळावा, २६ जानेवारी. सावित्रीबाईंच्या जयंतीला आयांना बोलावता आणि वेळ ठेवता सकाळी ११ ची, जेव्हा आई ओटी बांधून कापसाच्या ओळीत उभी आहे. तारीख नाही बदलता येत, वेळ तर येते. मेळावा ८ ला ठेवा, बाया वावरात जाता जाता चक्कर मारून जातील. किंवा गावच्या बाजाराचा दिवस बघा, त्या दिवशी तशीही निम्मी मजुरी बंद असते.

पोरीच्या बाबांशी पण बोला ताई. मोबाईल त्यांच्या खिशात आहे ना, मग खबर त्यांच्यापर्यंत येते, घरात येत नाही एवढंच. भांडून नाही. जेवायला बसले की पोरगीच म्हणेल, बाबा शाळेच्या ग्रुपवर काय आलं वाचू द्या. दोन मिनिटं फोन तिच्या हातात. तिनंच वाचायचं, मोठ्यानं. बहुतेक बाप याला नाही म्हणत नाहीत, उलट पोरीला धडधड वाचता येतं हे त्यांना तिथंच पहिल्यांदा कळतं.

मोठ्या मुलाचं जे झालं ते मला सांगायला जड जातंय पण खोटी आशा कशी देऊ. ती आठवीतली परीक्षा एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या स्कॉलरशिपची असणार. आठवीतच देता येते, नववीत गेल्यावर नाही. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असलेल्या, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या पोरांसाठी आहे ती, पास होऊन यादीत नाव आलं तर महिन्याला १,००० म्हणजे वर्षाला १२,०००, नववी ते बारावी चार वर्षं. ४८,००० झाले ताई. यादीत नाव लागलंच असतं असं नाही, पण बसायला तर मिळालं असतं. ते गेलं. आता त्याच्या वर्गशिक्षकांना भेटून एवढंच विचारा की नववी-दहावीच्या पोरांना अजून कोणती स्कॉलरशिप लागू आहे आणि जातीचा, उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायचा का, कारण दाखल्यासाठीच ऐन वेळी धावाधाव होते आणि त्यातच तारीख जाते. त्याला दोष देऊ नका, स्वतःला पण नको.

पोरगीचं मात्र हातात आहे सगळं. ती पुढच्या वर्षी पाचवीत जाईल. नवोदयची प्रवेश परीक्षा पाचवीत असतानाच द्यायची असते, सहावीत प्रवेश, मग बारावीपर्यंत राहणं जेवण शिक्षण सगळं तिथंच. फॉर्मला पैसे लागत नाहीत. पाठवायचं की नाही ते तुम्ही नंतर ठरवा, लहान लेकरू घरापासून दूर ठेवणं सोपं नाही, पण फॉर्म भरायचा राहून जाऊ देऊ नका. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात जाऊन विचारायचं, नवोदय कधी, स्कॉलरशिप कधी. भिंतीवर कोळशानं तारीख लिहून ठेवा, पोरगी लिहील.

कॉन्व्हेंटचं एका ओळीत सांगते, मेसेजसाठी शाळा बदलू नका. फी, व्हॅनचं भाडं, बूट, टाय, आणि तो मेसेज पण शेवटी पोरीच्या बाबांच्याच मोबाईलवर येणार.

आता एक गोष्ट जी तुम्हाला कोणी सांगितली नसेल. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्याच्यात प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. त्या समितीत कमीत कमी ७५ टक्के लोक हे शिकणाऱ्या पोरांचे आईबाप पाहिजेत आणि एकूण समितीत निम्म्या बाया. पुढारी नाही, आईबाप. लिहिता वाचता यायलाच पाहिजे अशी अट कुठंही नाही. बऱ्याच गावात काय होतं, नाव बाईचं आणि मीटिंगला नवरा, किंवा रजिस्टर घरी येतं आणि सही करून परत जातं. तुमच्या शाळेत कोण कोण आहे विचारा मॅडमला, सहज विचारा. आणि नव्यानं निवड होईल त्या पालक सभेला त्या एका दिवसाचा खाडा पाडा. तो एक खाडा मी सांगते म्हणून पाडा. तुमच्यासारख्या वेचायला जाणाऱ्या अजून दोघीतिघींना घेऊन जा, एकटीचा आवाज निघत नाही, चौघी असल्या की निघतो. तुम्ही समितीत बसलात की कार्यक्रम किती वाजता ठेवायचा हे ठरवताना तुम्हाला विचारावंच लागेल.

पण हे सगळं पुढचं. मॅडमकडे जायच्या आधी, या रविवारीच, एक काम करा. वावरातून येताना पुन्हा पदरभर शेंगा आणा. पोरीला म्हणा उकड, जशा मेळाव्यात नेल्या होत्या तशाच. ओसरीत पोतं टाकून तिला दुकान लावायला सांगा, वाटी घेऊन, तिनं जो भाव ठेवला होता तोच भाव. तुम्ही गिऱ्हाईक. तिच्या बाबांनाही बसवा, भावालाही. पैसे खरे द्या, १० ची नोट काढून द्या, सुटे परत मागा, भाव पण करा थोडा. मग विचारा त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक कोण आलं होतं, किती वाट्या गेल्या, कोणी उधार नेल्या का, बाजूला कोणाचं दुकान होतं, मॅडमनं घेतल्या का. ती सांगेल. पहिले हळू सांगेल, मग थांबणार नाही. तूर अजून वावरात उभी आहे तोवर करा हे, पंधरा दिवसांनी शेंगा वाळून जातील.